पॅकेटवरचा शिक्का

तीन मुली, दोन खोल्या, एक ब्रॉडबँड. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये भाडं, गॅस, दूध सगळ्याचे तीन सरळ वाटे पडतात. पण नेटचे कसे पाडणार? मी फ्रीलान्स पत्रकार, माझ्या मुलाखती व्हिडिओ कॉलवर. ऐन वाक्यात समोरचा चेहरा गोठला की समजायचं, शेजारच्या खोलीत कुणीतरी फोटोंचा बॅकअप लावलाय!

आमच्यातल्या नेटवर्कवालीने मग जुन्या पीसीवर लिनक्स टाकून त्याचाच राउटर केला. फंडा सोपा आहे. फायरवॉल प्रत्येक पॅकेट तपासून त्याला एक आकडा लावते. कॉलला १, ब्राउझिंगला २, बॅकअपला ३. पुढे ‘टीसी’ नावाचा प्रोग्रॅम, अगदी रेल्वेतल्या टीसीसारखा, फक्त तो आकडा बघून ज्याला त्याला आपापल्या रांगेत लावतो. १ नंबर आधी सुटतो, त्याची रांग रिकामी असेल तर त्याचा वाटा बाकीच्यांना. गंमत म्हणजे हा आकडा पॅकेटमध्ये लिहिलेला नसतोच. तो राउटरच्या मेमरीत राहतो, दाराबाहेर पडलं की पुसला! आमचा अपलोड २० एमबीपीएस, पण तिने हद्द ठेवली १८. म्हणजे गर्दी कंपनीच्या दारात न होता आपल्या पीसीत होते, जिथे आपली शिस्त चालते.

खरी मेख ओळखण्यात आहे. गूगल मीटचं यूडीपी ३४७८ पोर्ट ओळखता येतं. पण आजकाल बहुतेक सगळं ४४३ वरून, एन्क्रिप्ट होऊन जातं. आत फोटो की ऑफिसची फाइल, फायरवॉलला काय दिसणार? म्हणून तिने काही नियम मशीनच्या पत्त्यावरून लिहिले. तिसरीचा गेमिंग पीसी सरसकट ३. “टाइमपासच तर आहे!”

तिसरी दोन दिवस गप्प. मग म्हणाली, “अगं, त्या गेमवरच मी भावाशी बोलते.” तो नांदेडला, बारावीत. फोनवर ‘हो, नाही’च्या पुढे जात नाही. हेडफोन लावून खेळायला बसला की क्लास, मित्र, आईचं दुखणं, सगळं सांगतो. आमच्या ३ नंबरमध्ये त्याचा आवाज तुटत होता.

दुरुस्ती दोन ओळींची. त्या पीसीचं ४४३ सोडून बाकी यूडीपी १, उरलेलं ३. पण पत्त्यावरून शिक्का मारला की तो मशीनवर नाही, माणसावर बसतो, हे मला तेव्हा कळलं.

नियमांचा प्रिंटआउट आता फ्रिजवर, दुधाच्या हिशेबाशेजारी. बदल करायचा तर तिघींनी होकार द्यायचा. परवा भाऊ परीक्षेपुरता गेम बंद करतोय म्हणाला. तरी त्याचा १ तसाच ठेवलाय.