आईचा वाटा

‘आंतरधर्मीय प्रेमविवाहांवर लिहा,’ असं संपादकांनी कळवलं. माझ्याकडची जोडपी घरातून पळूनच आलेली असतात, असा त्यांचाही समज दिसतो. दिल्लीत मुनिरकाच्या डीडीए फ्लॅटमधल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात यंदा आलेलं लग्न मात्र आईवडिलांनीच जमवलं होतं. मुलगा कोल्हापूरचा मराठा, मुलगी इथेच वाढलेली मल्याळी ख्रिस्ती, दोघांचे वडील एकेकाळी एकाच खात्यात. कांदेपोह्यांसकट सगळं रीतसर.

अशा लग्नाला सरसकट ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात आणि मला वैताग येतो, कारण कोर्टाचा इथे काही संबंध नसतो. विशेष विवाह कायदा, 1954. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवं. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, 30 दिवस हरकतींसाठी थांबायचं आणि तीन साक्षीदार घेऊन जायचं. धर्म कोणालाच बदलावा लागत नाही, हे मी वर्षानुवर्षं सांगते आहे.

‘आम्ही शाहू महाराजांच्या गावचे,’ मुलाचे वडील म्हणाले. खरंच आहे. करवीर संस्थानात 1919 मध्येच अशा विवाहांसाठी कायदा झाला. कागलच्या घाटग्यांची लेक 1924 मध्ये इंदूरच्या होळकरांकडे दिली, तीही थोरांनी ठरवून. पण मराठा काय, धनगर काय, दोन्ही घरं हिंदू. आज त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं तर 1976 मध्ये घातलेलं कलम 21-अ त्यांना सांभाळून घेईल. या मुलाला ते लागू नाही.

म्हणून कलम 19 लागतं: हिंदू मुलगा एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं धरलं जातं. ‘म्हणजे शेतातला वाटा गेला?’ वडिलांचा हा प्रश्न मला पाठ आहे. जात नाही, फक्त वेगळा होतो.

कलम 21 बद्दल कोणी विचारत नाही, आणि माझं खरं भांडण त्याच्याशी आहे. मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मालमत्तेला हिंदू वारसा कायदा लागत नाही, 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. हिंदू कायद्यात बायको-मुलांच्या बरोबरीने आई पहिल्या वर्गाची वारस असते. इथे बायकोला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश, आईला शून्य. मूलबाळ नसेल तर निम्मं बायकोला आणि उरलेलं वडिलांना. वडील नसतील तेव्हाच आईचा नंबर, तोही मुलाच्या भावंडांबरोबर वाटून. दोन हिंदूंसाठी संसदेने हे 1976 मध्ये दुरुस्त केलं. धर्म ओलांडणाऱ्यांच्या आया तशाच राहिल्या.

उपाय साधा आहे: मुलाने मृत्युपत्र करावं. कागद, सही, दोन साक्षीदार. नोंदणीही सक्तीची नाही. मी हे सुचवताच वडील उखडले. ‘लग्नघरात मृत्युपत्र?’ त्यांचंही चूक म्हणवत नाही. अक्षता पडायच्या आधी मरणाचं बोलणारी बाई कोणाला आवडेल?

तोवर गप्प असलेल्या आईंनी विचारलं, ‘आणि सुनेनं आधीच करून ठेवलं तर?’ इतका नेमका प्रश्न मला वकिलांनीही क्वचित विचारला आहे. ख्रिस्ती व्यक्तीचं आधीचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं, हिंदूचं होत नाही. तेव्हा मुलीने नंतरच करावं, असं मी सांगितलं. ‘मग दोघांचं नंतरच करू,’ वडील लगेच म्हणाले.

लग्न वैशाखात झालं. मसुदा अजून माझ्याकडेच आहे. आठवण करून द्यायला फोन केला की लोकांना वाटतं, वकीलबाईंना फी हवी आहे.