लाल शाईच्या चार चौकटी

चाळीसगाव,
रविवार, दुपार

चि. मुक्ता,


ताईने तुझ्या गणिताच्या वहीचा फोटो पाठवला. सरळव्याजाचं पान, त्यावर लाल शाईच्या चार चौकटी. पहिलीत व्याज म्हणजे ‘मदक भागिले शंभर’, पुढच्या तिन्हींत मुद्दल, दर आणि काळ. खाली बारीक अक्षरात लिहिलंयस, ‘चारही पाठ करणे.’ अगं, ही चार सूत्रं नाहीत. एकाच माणसाचे चार बाजूंनी काढलेले फोटो आहेत.

आमचे गुरुजी याला ‘सूत्राचा कर्ता बदलणे’ म्हणायचे. व्याकरणाच्या तासाला ‘राम आंबा खातो’ यात आंब्याला कर्ता केलं तर रामाची धडगत नसते. सूत्रात मात्र कोणालाही कर्ता करता येतं आणि वाक्य खरंच राहतं. सावकाराला व्याज हवं असतं, कर्ज घेणाऱ्याला दर कळायला हवा असतो. ज्याची विचारपूस करायची त्याला एकटं काढायचं, एवढंच काम.

एकटं काढायचं कसं, तिथे तुझी गाडी अडते. चाचणीत तू ३क = १२ वरून क = १२ − ३ लिहिलंस आणि नऊ उत्तर काढलंस. विचारल्यावर म्हणालीस, “पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं ना, मामा?” हे वाक्य आधी विसर. पलीकडे कोणी जात नाही. दुकानातला आजोबांचा तराजू आठव. एका पारड्यात खिळ्यांच्या तीन सारख्या पुड्या आणि वर २०० ग्रॅमचं वजन, दुसऱ्यात १७०० ग्रॅम, काटा मध्ये. एका पुडीचं वजन काढायचंय. इकडचं २०० ग्रॅम उचललंस तर तिकडूनही तेवढंच उचलावं लागेल, नाहीतर काटा कलंडेल. आता तीन पुड्यांसमोर १५०० उरले. दोन्हीकडचा तिसरा हिस्सा ठेव, पुडी ५०० ग्रॅमची. २०० ग्रॅम पुड्यांशेजारी ठेवलेले होते, म्हणून उचलता आले. ‘तीन’ हे पारड्यात ठेवलेलं वजन नाही, ती पुड्यांची मोजणी आहे. ती वजा करून जात नाही, भागूनच जाते.

क्रमाचंही तसंच. आधी तिसरा हिस्सा केलास तरी चालेल, पण मग त्या २०० ग्रॅमचाही करावा लागेल, आणि ६६ पूर्णांक दोन तृतीयांश ग्रॅमचं वजन माझ्या दुकानात तरी नाही.

गुणलेलं भागूनच जातं, हे मी पैसे मोजून शिकलो. जीएसटी नवीनच आला होता तेव्हाची गोष्ट. एक गिऱ्हाईक म्हणालं, “सगळं धरून ११८० घ्या, बिल कर वेगळा दाखवून द्या.” कर १८ टक्के. मी ऐटीत ११८० चे १८ टक्के काढले, २१२ रुपये ४० पैसे. ते वजा करून मूळ किंमत लिहिली ९६७.६०. आमच्या हिशेबनिसांनी बिल पाहिलं आणि काही न बोलता ९६७.६० वर १८ टक्के चढवून दाखवले. आले ११४१.७७. “शेठ, वरचे अडतीस रुपये कुठे गेले?” कर मूळ किमतीवर चढतो, मी तो चढलेल्या किमतीवरून उतरवत होतो. १.१८ ने गुणून आलेली रक्कम १.१८ ने भागूनच परत जाते. ११८० ÷ १.१८, सरळ १०००.

हे शहाणपण जुनं आहे, बरं का. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त याला व्यस्तविधी म्हटलंय. शेवटापासून उलट निघायचं आणि प्रत्येक क्रिया फिरवायची. गुणलं असेल तिथे भाग, मिळवलं असेल तिथे वजा, वर्ग असेल तिथे मूळ. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला, ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. अज्ञात संख्यांना त्यांच्याकडे रंगांची नावं असत, कालक, नीलक, पीतक. इथून जवळच्या पाटण्याच्या देवळात शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, असं त्यात कोरलंय. दिवाळीत आलीस की जाऊ.

आता गंमत ऐक. काल तुझ्या पाळण्याच्या जुन्या कडीला मी दोरी बांधली आणि खाली पितळी कुलूप अडकवलं. कडीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. हलकासा झोका दिला. जाऊन-येऊन एक, अशा वीस हेलकाव्यांना ४०.२ सेकंद, म्हणजे एकाला २.०१. पुस्तकात सूत्र काळाचं दिलेलं असतं: काळ = २ × पाय (π) × √(ल ÷ ग). यात ल म्हणजे लांबी आणि ग म्हणजे पृथ्वीच्या ओढीने येणारं त्वरण. मला कर्ता हवा होता ग, आणि तो बसलाय पार आत, वर्गमुळाच्या पोटात. म्हणून बाहेरचं कवच आधी सोडवलं. दोन्ही बाजूंना २ × पाय ने भागलं. मग दोन्हींचा वर्ग केला, मूळ गेलं. ग छेदात होता, म्हणून दोन्हींना ग ने गुणून त्याला वर आणलं आणि त्याच्याजवळ उरलेल्याने भागलं. हाती आलं: ग = ४ × पायचा वर्ग × ल ÷ काळाचा वर्ग. आकडे घातले, ३९.४८ ÷ ४.०४, म्हणजे ९.७७. पुस्तकात ९.८ असतं. मामी विचारत होती, भर दुपारी कुलपाला काय झोके देताय. म्हटलं, पृथ्वी किती जोराने ओढते ते विचारतोय.

आता तुझं काम. त्याच सूत्रात ल ला कर्ता कर. एका हेलकाव्याला नेमका एक सेकंद लागावा, तर दोरी किती लांब हवी ते काढ, तेवढी बांध आणि घड्याळ लावून बघ. उत्तर बरोबर की चूक हे मला विचारू नकोस, कुलूपच सांगेल. ते जमलं की त्या लाल चौकटींतल्या तीन खोडून टाक. कोणती ठेवायची ते तुझं तू ठरव.

तुझा,
अण्णामामा