जितकें तितकें

बीजगणितांत अक्षर आलें, कीं पुष्कळ विद्यार्थी बिचकतात. वस्तुतः ही रीत आपल्या देशांत फार जुनी आहे. बाराव्या शतकांत भास्कराचार्यांनीं 'बीजगणित' ग्रंथांत अज्ञात राशीस 'यावत्तावत्', म्हणजे 'जितकें तितकें', असें म्हटलें आहे. अधिक अज्ञात राशी आल्यास त्यांस काळा, निळा, पिवळा अशा रंगांचीं नांवें देऊन त्यांचीं आद्याक्षरें लिहीत.

विटा हें यंत्रमागांचें गांव. म्हणून गतवर्षीं मीं वर्गांत मागाचेंच एक काल्पनिक उदाहरण घातलें. एका कामगारापुढें दोन नोकऱ्या आहेत. पहिलींत दरमहा ६,००० रुपये ठरलेले, शिवाय विणलेल्या प्रत्येक मीटरमागें २ रुपये. दुसरींत ठरलेलें कांहीं नाहीं. मात्र मीटरमागें ५ रुपये. महिन्यांत 'म' मीटर कापड विणल्यास पहिली प्राप्ति ६००० + २म, दुसरी ५म. ह्याच एकघाती राशी होत. २,००० मीटर झाल्यास दोहोंकडे १०,००० रुपये मिळतात. त्यापुढें दुसरी नोकरी लाभाची ठरते.

बहुतेक मुलांनीं दुसरीच पसंत केली. इतक्यांत एक विद्यार्थिनी उभी राहिली. तिचे वडील मागावर काम करितात. ती म्हणाली, "सर, मंदी येऊन माग बंद राहिले, तर 'म' शून्य होईल. मग घरीं काय आणावयाचें?"

वर्ग स्तब्ध झाला. आम्हीं पुन्हा हिशेब मांडला. घरखर्चास ७,००० रुपये लागतात असें धरिलें, तर पहिल्या नोकरींत ५०० मीटर पुरतात. दुसरींत १,४०० मीटर विणावे लागतात. कोणती नोकरी बरी, ह्याचें उत्तर आतां प्रत्येकाच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून राहिलें. ज्याच्या गांठीं शिल्लक आहे त्यानें दुसरी घ्यावी. ज्याची चूल महिन्याच्या मजुरीवर पेटते त्यानें ६,००० चें मोल आधीं ओळखावें.

विद्यार्थिमित्रांनो, राशि मांडतांना प्रथम काय ठरलेलें आहे, काय बदलणारें आहे आणि तें कोणत्या दरानें बदलतें, हें विचारा. नंतर अक्षराच्या जागीं चांगल्या महिन्याचा अंक घालून पाहा, आणि वाईट महिन्याचाही. पालकांसही विनंति आहे कीं, घरांत कर्जाचा किंवा मजुरीचा करार ठरत असतां मुलांस जवळ बसवावें व तो कागदावर मांडावयास सांगावें. शाळेंत शिकलेल्या गणिताचा घरास उपयोग व्हावा तो अशाच वेळीं.