आधी बरं व्हायचं की आधी नोकरी?

पुण्यात नवी पेठेतून शास्त्री रस्त्याकडे चालू लागलं की दर दोन-तीन इमारतींमागे एक अभ्यासिका लागते. जिन्याखाली चपलांचा ढीग, वर प्लायवुडचे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात जाडजूड पुस्तकावर वाकलेलं एक डोकं. बीड, परभणी, नांदेड, जळगाव, सोलापूर अशा जिल्ह्यांतून आलेली ही मुलं-मुली. कॉट बेसिसवर जागा, दोन वेळची मेस आणि गावाकडून महिन्याला येणारे पैसे. काय करता, असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: ‘तयारी.’ या उत्तराची मोठी सोय असते. तयारी करणाऱ्याला कुणी बेकार म्हणत नाही. सरकारही म्हणत नाही. केंद्राच्या श्रमबल पाहणीत २०२३-२४ साली १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर १०.२ टक्के निघाला. पण त्यात बेरोजगार धरतात तो काम मागणाऱ्याला. पूर्णवेळ अभ्यासाला बसलेली पोरं बहुधा त्या हिशेबात येतच नाहीत.

मीही अशा एका कप्प्यात काही वर्षं काढली. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री केलं आणि वर्गातल्या बऱ्याच जणांसारखी पुण्याची गाडी धरली. कृषीच्या पोरांना स्पर्धा परीक्षेचं एवढं काय वेड, असं लोक विचारतात. खतं-बियाण्यांच्या कंपन्यांत मिळते ती फिरतीची मार्केटिंगची नोकरी आणि मुलींना ती देताना कंपन्या हात आखडता घेतात. घरच्यांनाही ती नको असते. मग उरतं सरकारी पद.

त्या पदाच्या वाटेवरच्या तारखा बघण्यासारख्या आहेत. राज्यसेवेची पूर्व परीक्षा मूळची ५ एप्रिल २०२० ची. करोनात ती पुढे गेली, पुन्हा गेली, शेवटी १४ मार्च २०२१ ही तारीख मिळाली आणि तीन दिवस आधी, ११ मार्चला, तीही पुढे ढकलल्याचं पत्रक आलं. त्या दिवशी पुण्यात मुलं रस्त्यावर बसली. परीक्षा २१ मार्चला झाली. २०२३ मध्ये मुख्य परीक्षेचा वर्णनात्मक पॅटर्न कधीपासून आणायचा यावरून आंदोलन झालं, तेव्हा लोकसेवा आयोगाने (एमपीएससीने) तो २०२५ पर्यंत लांबवला. २०२४ मध्ये २५ ऑगस्टची पूर्व परीक्षा बँक भरतीच्या परीक्षेच्या दिवशीच आली. पुन्हा आंदोलन झालं, परीक्षा १ डिसेंबरवर गेली. वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागास प्रवर्गांना ४३. म्हणजे ‘आता पुरे’ असं सांगणारा नियमही फार उशिरा येतो. या सगळ्यावर उपाय म्हणून क्लासवाले ‘मनोबल कसं वाढवावं’ यावर व्याख्यानं ठेवतात. तारखा पाळल्या असत्या तर बरीच व्याख्यानं वाचली असती.

मुख्य परीक्षेच्या, म्हणजे मेन्सच्या, निकालात माझा नंबर नव्हता. कट ऑफला थोडक्यात हुकलं. आसपास सगळ्यांचंच कधी ना कधी असं झालेलं, त्यामुळे कुणाला विशेष वाटलं नाही. चार दिवस रडून पोरी पुन्हा कप्प्यात येऊन बसतात, तशी मीही बसले. पण पहाटे तीनला जाग येऊ लागली आणि त्यानंतर झोप लागेना. लक्ष्मीकांतच्या राज्यघटनेवरच्या पुस्तकाचं पान वाचायचं आणि शेवटच्या ओळीला पहिली ओळ आठवायची नाही. अंघोळीला उठायचं म्हणजे मोठं काम वाटायचं. मेसला जाणं बंद झालं, तेव्हा रूम पार्टनरच्या ते लक्षात आलं. तिने मला जवळजवळ ओढतच सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत नेलं. केस पेपर काढला, रांगेत बसलो. डॉक्टरबाईंनी झोप, भूक, एकाग्रता, किती आठवड्यांपासून, मरणाचे विचार येतात का, हे सगळं सरळ विचारलं. इतक्या सरळपणे ते आधी कुणीच विचारलं नव्हतं. मग म्हणाल्या, “गोळी आजपासून घ्यायची. पण दोन-तीन आठवडे फरक वाटणार नाही, तेवढ्यावरून सोडून द्यायची नाही.” हे सांगणं फार महत्त्वाचं होतं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, त्रास मात्र पहिल्या आठवड्यापासून जाणवतो. तोंड कोरडं पडतं, मळमळतं, पेंग येते. आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस नेमका तेव्हाच गोळी बंद करतो.

घरी कळलं तेव्हा माझे वडील, अण्णा, फोनवर म्हणाले, “बाळा, आधी बरी हो. नोकरीचं मागून बघू.” रूम पार्टनरचं म्हणणं उलटं. “एक पोस्ट निघू दे, सगळं जातं बघ.” दोघांची माया खरी. सल्ले मात्र दोन्ही फसवे. एकात आजार संपेपर्यंत आयुष्य थांबवायचं, दुसऱ्यात आयुष्य मार्गी लागेपर्यंत आजार.

अण्णांच्या सल्ल्यातली अडचण ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावाने नव्वद वर्षांपूर्वीच दाखवून दिली होती. व्हिएन्नाजवळचं हे गाव एका कापड गिरणीवर जगत होतं. जागतिक मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल या तिघा संशोधकांनी तिथे केलेल्या पाहणीत जे दिसलं, ते १९३३ मध्ये पुस्तकरूपाने आलं. कुणालाही वाटेल, रिकामा वेळ मिळाल्यावर लोक वाचतील, राजकारणात उतरतील, चळवळ करतील. झालं उलटंच. वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घसरली. लोक रस्त्याने चालतात किती वेगाने, हेही त्यांनी घड्याळ लावून मोजलं. पुरुष रेंगाळत होते, जागोजागी थांबत होते. बायकांची चाल त्या मानाने झपझप होती, कारण घरातलं काम संपलेलं नव्हतं. याहोदाने पुढे मांडलं, की नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, दहा जणांच्या कामात आपला वाटा, समाजात ओळख आणि हातपाय हलवण्याची सक्ती.

अभ्यासिकेत यांतलं काय मिळतं? दिवसाला आकार मिळतो, पण तो आपणच द्यायचा आणि आजारात पहिला तोच मोडतो. बाकीचं जवळजवळ काहीच नाही. शेजारच्या कप्प्यातला मित्र असतो, तसाच तो त्याच जागेसाठीचा स्पर्धकही असतो.

अण्णांचं ऐकून मी गावी गेले तेव्हा मारिएनथालच्या बायकांचा अनुभव मलाही आला. पाणी भरणं, भाकरी, धुणं, आजीचं पथ्यपाणी. दिवसाला आकार आला, झोप थोडी सुधारली. पण ओळख गेली. संध्याकाळी ओट्यावर येणाऱ्या बायका आईला विचारायच्या, “पुण्याची पोरगी आलीय म्हणं, मग आता स्थळं बघताव काय?” आई विषय बदलायची. गोळ्यांची पट्टी डाळीच्या डब्यामागे ठेवलेली असायची, कुणाला दिसू नये म्हणून. घरी राहून पूर्ण बरं व्हावं, मग नोकरी शोधावी, हा बेत कागदावर बरा होता. प्रत्यक्षात रिकामपण आणि लपवालपवी यांनी आजाराला चारा मिळत होता.

वळण मिळालं ते एका अगदी बारक्या कामाने. पुण्यात परत आल्यावर ओळखीतून एका खासगी माती परीक्षण प्रयोगशाळेत अर्धवेळ काम मिळालं. मानधन मेसच्या पैशांएवढंही नव्हतं. शेतकऱ्यांकडून आलेले नमुने कागदावर पसरून सावलीत वाळवायचे, लाकडी खलबत्त्यात कुटायचे, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचे. सेंद्रिय कर्बासाठी त्याहून बारीक चाळणी लागते. मग सामू, क्षारता, नोंदी. पिशवीवरचा गट नंबर आणि वहीतला नंबर जुळलाच पाहिजे, नाहीतर एकाच्या शेताला दुसऱ्याच्या शेताचा खताचा हिशेब जाईल. सकाळी पेंग यायची म्हणून अकराची वेळ मागून घेतली होती. कारण विचारलं तर ‘औषधं चालू आहेत’ एवढंच सांगितलं आणि तेवढं पुरलं. पुस्तकाचं पान टिकत नव्हतं त्या काळात वहीतला आकडा टिकत होता, याचं मला स्वतःलाच नवल वाटे.

हे माझ्यापुरतं नशीब नव्हे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी नव्वदच्या दशकात गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी एक पद्धत बसवली. तोपर्यंत रिवाज असा, की रुग्णाला आधी कार्यशाळेत वर्षानुवर्षं मेणबत्त्या, पाकिटं करायला लावायची आणि ‘तयार झाला’ असं वाटलं की नोकरीचं बघायचं. यांनी क्रम उलटा केला. ज्याला काम हवंय त्याला लगेच खऱ्या बाजारातलं, त्याच्या आवडीचं काम शोधून द्यायचं, उपचार चालूच ठेवायचे आणि नोकरी लागल्यावरही मदतनीसाने साथ सोडायची नाही. अनेक देशांतल्या चाचण्यांत या पद्धतीने नोकरीला लागणाऱ्यांचं प्रमाण जुन्या पद्धतीच्या साधारण दुप्पट निघालं. आपल्याकडे असा मदतनीस सहसा मिळत नाही. ते काम ओळखीचा सर, मैत्रीण, मावशी यांना करावं लागतं.

रूम पार्टनरच्या सल्ल्यातली अडचण मात्र नोकरी शोधतानाच कळली. पोर्टलवर अर्ज टाकायचे आणि ‘आपला अर्ज प्राप्त झाला’ यापुढे काहीच यायचं नाही. निरोगी माणसालाही हे जड जातं. नैराश्यात तर न आलेलं उत्तर म्हणजे आपल्या नालायकीचा दाखला वाटतो. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ऐंशीच्या दशकात बेरोजगारांसाठी एक कार्यशाळा तयार केली होती. तिच्यात अर्ज, मुलाखत यांच्या सरावाबरोबर एक वेगळा भाग होता: नकार येणारच असं धरून, तो आल्यावर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवायचं. कार्यशाळेला आलेल्यांना कामं बरी मिळाली आणि ज्यांना नैराश्याचा धोका जास्त होता त्यांना तिचा फायदाही जास्त झाला. आम्ही तिघी मैत्रिणींनी याची घरगुती आवृत्ती काढली. अर्ज शनिवारी एकत्र बसून भरायचे, एकटीने रात्री नाही. मेल उघडायची वेळ दुपारची. नकार आला की त्या दिवशी पुढचा अर्ज भरायचा नाही, चहाला जायचं. फार शास्त्रीय नाही, पण निभलं.

मुलाखतीत ‘हा गॅप कशाचा?’ हा प्रश्न ठरलेला. महाराष्ट्रात याचं तयार उत्तर ‘एमपीएससी’ हे आहे आणि ते सगळ्यांना समजतं. आजाराचं सांगायचं का? माझं मत स्पष्ट आहे: मुलाखतीत आपणहून सांगायची गरज नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३व्या कलमाने उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. रुजू होताना वैद्यकीय फॉर्ममध्ये थेट प्रश्न असेल तर मात्र खोटं लिहू नये, पुढे तेच अंगाशी येतं. एका ठिकाणी मी मोकळेपणाने सांगून पाहिलं. समोरचे गृहस्थ सहानुभूतीने बोलले, पाणी दिलं आणि पुन्हा फोन केला नाही. कारण तेच होतं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

त्याच कायद्याचं २१वं कलम विमा कंपन्यांना बजावतं, की शारीरिक आजारांसारखाच मानसिक आजारांनाही विमा द्यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे आणि त्यातल्या एका टक्क्यात मानसिक आजारही येतो. पण त्याला किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. माझ्यासारख्या बहुतेकांना ते लागूच होत नाही, आणि लागू असलं तरी त्या शिक्क्याची भीती अनेकांना वाटते.

आता मी एका शेतकरी उत्पादक कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम बघते. हळद आणि हरभरा, ओलाव्याचं प्रमाण, पोत्यांच्या नोंदी. पगार बेताचा आहे. नोकरी लागली म्हणून आजार गेला नाही. रुजू झाल्यावर काही महिन्यांनी तो पुन्हा डोकावला, डॉक्टरांनी मात्रा वाढवली, मी दोन दिवस रजा घेतली आणि कामावर गेले. तयारी सोडलीस म्हणजे हरलीस, असं मानणारे नातेवाईक अजून आहेत. अण्णा त्यांत नाहीत, एवढं खूप आहे.

राहता राहिली एक विनंती, अभ्यासिका चालवणाऱ्यांना. तुमच्या दारावर वायफायचा पासवर्ड, फीची शेवटची तारीख आणि पास झालेल्यांचे फोटो लावलेले असतात. त्याच्या शेजारी १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरांत लावा. केंद्र सरकारची ही ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.