इंटर्नला येतं, पण रुग्णापर्यंत पोहोचतं का?

नांदेडला वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवायला लागल्यावर मी शिक्षणावरच्या संशोधनाचा पहिला प्रस्ताव लिहायला घेतला. विषय सर्पदंश. इंटर्नना रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी शिकवायची, आधी आणि नंतर परीक्षा घ्यायची, गुणांतला फरक मांडायचा. नमुन्यात शेवटी रकाना होता, ‘अपेक्षित परिणाम’. शिकवल्यावर गुण वाढणारच. मग परिणाम म्हणून लिहायचं काय, ते मला उमगेना.

मार्गदर्शक मॅडमनी डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांची १९५९ची मांडणी वाचायला दिली. प्रशिक्षण चार पायऱ्यांवर मोजायचं: शिकणाऱ्याला ते कसं वाटलं, तो काय शिकला, कामाच्या ठिकाणी त्याचं वागणं बदललं का, आणि त्यातून शेवटी काय साधलं. आमच्या विषयात चौथी पायरी म्हणजे घोणस चावलेला शेतकरी वाचणं. तिथवर मी पोहोचायचं कसं? मॅडम म्हणाल्या, “रुग्णापासून सुरुवात कर आणि मागे ये.”

म्हणून सोयाबीन काढणीच्या दिवसांत लातूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. चाचणी तशी साधी आहे. रुग्णाचं दोन मिलिलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं, गोठलेलं नसलं, की प्रतिविष सुरू करायचं. सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, आमच्याकडं नळ्या प्लॅस्टिकच्या येतात.” काचेच्या स्पर्शानं रक्त गोठायला चालना मिळते, प्लॅस्टिकमध्ये ते उशिरा गोठून निष्कर्ष चुकू शकतो. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवलेला इंटर्नही इथे काय करणार?

मग गडचिरोलीचं काम नव्यानं वाचलं. तिथल्या ‘सर्च’ या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूतांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि मोजले ते नवजात बाळांचे मृत्यू, तेही हे काम नसलेल्या गावांशी ताडून. तिसऱ्या वर्षी मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई घरोघरी तशी काळजी घेऊ लागल्या.

माझ्या छोट्या अभ्यासात मृत्यू मोजून काही सिद्ध होणार नाही. रुग्ण थोडे, शिवाय जगणं-मरणं रस्त्यावर, रुग्णवाहिकेवर, मांत्रिकाकडे गेलेल्या वेळेवरही अवलंबून. म्हणून तिसरी पायरी धरली: दंशाच्या किती रुग्णांची चाचणी झाली, प्रतिविष पुढे पाठवण्याआधी दिलं का, हे केंद्राच्या नोंदवहीतून पाहायचं. त्यासाठी वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता, तालुका आरोग्य अधिकारी यांना आराखडा लिहितानाच भेटायचं. केंद्र सरकारच्या २०२४च्या कृती आराखड्यात सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट आहे. आमच्या नोंदी त्याला उपयोगी पडतील अशाच ठेवायच्या.

काचेच्या नळ्यांचा खर्च आता अंदाजपत्रकात आहे. इंटर्न काही आठवड्यांत केंद्र सोडून जातात, सिस्टर मात्र तिथेच राहतात. म्हणून प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव पहिलं आहे.