पंधरा राउंडांचा हिशेब

आमच्या घरात भांडणं तशी फार होत नाहीत. पण एक भांडण माझ्या लहानपणापासून चालू आहे, आणि आता त्यात तिसरी पिढी उतरली आहे. विषय: जगातला सगळ्यात भारी हेवीवेट बॉक्सर कोण?

जठारपेठेतल्या एका मध्यमवर्गीय घराला या विषयाशी काय घेणंदेणं, असं कुणालाही वाटेल. नातेवाईक मंडळींना कारण माहीत आहे. आमचे काका! अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले, जन्मभर शाळेत पीटी घेतलेले. (1914 साली निघालेल्या या मंडळाच्या पोरांनी 1936 ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जाऊन कबड्डी दाखवली, हे ते दर दिवाळीला एकदा तरी सांगतात.) काका स्वतः कधी बॉक्सिंग खेळले नाहीत. पण मुहम्मद अली हे त्यांचं दैवत. नागपूरहून येणाऱ्या पेपरातली कात्रणं चिकटवलेली एक जाड वही त्यांच्याकडे आहे. जानेवारी 1980 मध्ये अली भारतात आला आणि दिल्लीत आपल्या कौर सिंगशी चार राउंडांचा प्रदर्शनी सामना खेळला, ते कात्रण पहिल्याच पानावर. वास्तविक क्रमाने ते खूप नंतर यायला हवं, पण दैवत आपल्या देशात आलं म्हणून पहिला मान!

काकांचं म्हणणं सोपं होतं. "अलीच्या वेळेस पंधरा राउंड राहत. आता बारा. तिथंच फैसला झाला न बाप्पा!" 1975 ला मनिल्यात अली आणि फ्रेझर चौदा राउंड एकमेकांना मारत होते, पंधराव्याला फ्रेझरच्या कोपऱ्याने त्याला उठूच दिलं नाही, ही गोष्ट ते अशी सांगायचे की गच्चीवर झोपलेली आम्ही पोरं उठून बसायचो.

माझा माणूस टायसन. 1986 ला विसाव्या वर्षी विजेता झालेला. उंचीने जेमतेम 5 फूट 10 इंच, पण समोरचा नीट उभा राहायच्या आत आडवा. मी म्हणायचो, अलीला हा पहिल्या तीन राउंडांत लोळवेल. काका म्हणायचे, "आणि चौथ्यात काय करंन तो?" पुढे 1990 ला टोकियोत बस्टर डग्लसने टायसनला दहाव्या राउंडला झोपवलं, तेव्हा काका मुद्दाम पेढे घेऊन आमच्याकडे आले होते. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही :)

आता आमचे चिरंजीव. वय वर्षं चौदा. त्याचा माणूस युक्रेनचा उसिक. त्याच्याकडे सगळं आकड्यांत असतं. फ्युरी 6 फूट 9 इंच, वजन 119 किलोच्या आसपास. उसिक 6 फूट 3 इंच, 101 किलो. तरी मे 2024 मध्ये रियाधला उसिकने त्याला हरवलं, डिसेंबरात पुन्हा हरवलं. "आजोबा, अली पण 6 फूट 3 इंचच होता. आणि त्याच्यासमोर फ्युरीएवढा माणूस कधी आलाच नव्हता."

खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड आहे. रॉकी मार्सियानो 49 पैकी 49 लढती जिंकून निवृत्त झाला, पण त्याचं वजन 84-85 किलो. आज तो हेवीवेटमध्ये उतरलाच नसता, खालच्या गटात गेला असता. शब्द तोच राहिला, 'हेवीवेट', आत भरलेला माणूस बदलला. आपल्याकडचंच पहा. हवा सिंगने 1966 आणि 1970 अशी दोन एशियाडची सुवर्णपदकं आणली, कौर सिंगने 1982 ला एक. आणि 2021 मध्ये टोकियोत सुपर हेवीवेटला उतरलेला सतीश कुमार चेहऱ्यावर टाके घेऊन जालोलोवसमोर उभा राहिला आणि हरला. आता यांची तुलना करायची तरी कशी?

तसा एक प्रयत्न झालेला आहे. 1969 मध्ये अली आणि मार्सियानो यांना रिंगमध्ये उतरवून खोट्या लढतीचं चित्रीकरण केलं, आणि निकाल म्हणे कॉम्प्युटरने काढला. मार्सियानो निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. त्याने वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला. शेवट कोणता वापरणार हे दोघांनाही माहीत नव्हतं. 1970 मध्ये चित्रपट लागला तेव्हा अमेरिकेत मार्सियानो जिंकला आणि युरोपात अली! तोवर मार्सियानो विमान अपघातात गेलेला होता. ही गोष्ट मी मुलाला सांगितली तर तो म्हणाला, "म्हणजे आपलं घरच झालं की."

असो. एवढं सगळं लिहायचं कारण वेगळं आहे.

काकांना चार वर्षांपासून पार्किन्सन आहे. उजवा हात थरथरतो, कपातला चहा बशीत येतो. डॉक्टरांनी पहिल्यांदा नाव घेतलं तेव्हा मला 1996 चा जुलै आठवला. अटलांटा ऑलिम्पिकचं उद्घाटन, आपल्याकडे सकाळ. अलीच्या हातात मशाल, आणि दुसरा हात थडथड हलतोय. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. काका उठून अंगणात गेले आणि झाडांना पाणी घालत बसले. भर पावसाळ्यात.

आणि आता चिरंजीवांना बॉक्सिंग शिकायचं आहे. तुम्ही म्हणाल अकोल्यात कुठे बॉक्सिंग? तर आहे, आणि चांगलं आहे. बुलढाणा जिल्ह्यातला अनंत चोपडे इथल्याच क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 2019 ला इंडोनेशियात 52 किलो गटात सुवर्णपदक घेऊन आला. पोराने फॉर्म आणला, पालकाच्या सहीची जागा रिकामी. बायकोचं उत्तर एका शब्दात आलं. मी म्हटलं, काकांना विचारू. मनात खात्री होती की ते "हाव" म्हणतील आणि जबाबदारी त्यांच्यावर जाईल.

त्या दिवशी मुलाने त्यांना मोबाईलवर उसिक-फ्युरीची पहिली लढत पूर्ण दाखवली. कूलरसमोर दोघं डोकं जोडून बसलेले. काका काहीच बोलेनात. नवव्या राउंडला फ्युरी दोरांवर भेलकांडत होता, तेव्हा फक्त म्हणाले, "थांबवा न त्याले." बारा राउंड झाल्यावर त्यांनी विचारलं, "संपलं?" मग बराच वेळ गप्प.

"1980 ला होम्ससमोर त्याच्या कोपऱ्याने त्याले दहा राउंड मार खाऊ देल्ला," ते म्हणाले. मला आधी कळलंच नाही की ते अलीबद्दल बोलून राहिले. "पुढच्या वर्षी पुन्हा उतरला. आणि मी इथं बसून कात्रणं चिकटवत होतो. पंधरा राउंड, पंधरा राउंड करत होतो."

मी म्हटलं, काका, तुम्ही कुठे बॉक्सिंग खेळलात, तरी तुम्हाला झालाच ना? त्यांनी हात वर धरून बघितला, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा आहे. "म्हणून तर. मले फुकटात झाला. त्यानं कमावला."

मुलाने लगेच सांगितलं की त्यांच्या वयाला फक्त तीन राउंड असतात, डोक्याला हेडगार्ड असतं, आणि 1982 ला एक कोरियन बॉक्सर लढतीतल्या माराने गेला म्हणूनच पंधराचे बारा झाले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. फॉर्म मागितला, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचला. "थांबायचं कधी हे कोण शिकवते तिथं?" एवढंच विचारलं.

त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. रविवारी काका स्वतः वसंत देसाई स्टेडियमवर येणार म्हणतात, प्रशिक्षकांना हाच प्रश्न विचारायला. रिक्षा सांगून ठेवली आहे. फॉर्म त्यांनी त्या जाड वहीत ठेवला आहे, कौर सिंगच्या कात्रणाशेजारी.