पाच वर्षांचा मुलगा

शासकीय नोकरीत माणसाचे वय सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहिलेले असते आणि त्याच्या आधारे बासष्टाव्या वर्षी त्याच्या गळ्यात निरोपाचा हार पडतो. अशा शिस्तीत हयात घालवलेल्या मला, निवृत्तीच्या आदल्या वर्षी, वयाची नोंद पुढे सरकतच नाही असा एक मुलगा भेटला. शिनचॅन नोहारा, वय वर्षे पाच. जपानी दूरदर्शनवर तो 1992 साली आला, तेव्हाही पाचच.

2020 च्या टाळेबंदीत मुलगा-सून पुण्याहून मनावरला आली आणि काही महिने राहिली. नातू तेव्हा नेमका पाच वर्षांचा. निमाडातल्या त्या रखरखीत दुपारी आजी-नातू शिनचॅन पाहत. मालिका हिंदीत, पण आमच्या सौ.ला घरात मराठीच हवी. ती आवाज बंद करी आणि शिनचॅनच्या आईचे बोलणे स्वतः म्हणे : “अरे द्वाडा, काय करून राहिलास?” सून हसे. पुण्यात असे कोणी बोलत नाही. आपल्या घरांतली मराठी ज्या वयाची इकडे आली, बहुधा त्याच वयाची राहिली आहे.

एके दिवशी नातवाने विचारले, “आजोबा, हा सहाचा का होत नाही?”

प्रश्न रास्त होता. त्या मालिकेत चेरी फुलते, पाऊस येतो, नवे वर्ष साजरे होते. 1996 साली शिनचॅनला बहीणदेखील झाली. म्हणजे घरात जन्म झाला, आणि तरी भाऊ पाचाचाच, बहीण आजतागायत तान्हीच! अमेरिकेतल्या ‘द सिम्प्सन्स’मध्ये याहून मोठी चलाखी आहे. 1989 पासून त्यातला बार्ट दहा वर्षांचा आहे. आईबापांचे तारुण्य आधी 1974 च्या सुमाराचे दाखवले होते; 2008 मधल्या एका भागात ते 1990 नंतरच्या दशकात आणून ठेवले. वर्तमान हलवायचे नाही म्हणून भूतकाळ पुढे ओढायचा. आमच्या खात्यात जुन्या नोंदींत असा फेरफार कोणी केला असता, तर चौकशी बसली असती.

पण चित्राला थांबवता आले तरी आवाजाला थांबवता येत नाही. सिम्प्सन्समधल्या शिक्षिकेला आवाज देणाऱ्या मार्शिया वॉलेस 2013 साली वारल्या, तेव्हा ती शिक्षिकाच मालिकेतून काढून घेतली. जपानमध्ये दुसरा मार्ग पत्करला. शिनचॅनचा आवाज 1992 पासून अकिको याजिमा यांचा होता. 2018 साली त्या थांबल्या आणि दुसरी अभिनेत्री आली. मुलगा तोच, वय तेच. यातले अधिक बरे कोणते, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

2022 साली सौ. गेली. त्या उन्हाळ्यात नातू आला, तेव्हा त्याचे मन रमावे म्हणून मी दूरदर्शन संच लावला, आवाज बंद केला आणि शिनचॅनच्या आईचे बोलणे म्हणू लागलो. दोन-तीन वाक्ये त्याने ऐकून घेतली. मग म्हणाला, “आजोबा, हिंदीच राहू द्या.” मी आवाज वाढवला. ती हिंदी बाई फार भराभर बोलत होती. त्यानंतर बरेच दिवस आम्ही तो संच लावला नाही.

आता नातू दहा वर्षांचा, बार्टच्या बरोबरीचा. शिनचॅन त्याला पोरकट वाटतो. यंदा धाकटी नात मात्र पाचाची आहे. दिवाळीत तिने हट्ट धरला, म्हणून मी पुन्हा आवाज बंद करून बसलो. शिनचॅनने अंगणात चिखल केला होता. मी म्हणालो, “अरे खोडकरा, काय करतो आहेस?”

आतल्या खोलीतून, पुस्तकातून मान वर न काढता, नातवाने सांगितले, “आजोबा, ‘द्वाडा’. आणि ‘काय करून राहिलास’.”